चाखणं म्हणजे पिणं नव्हे

लोकांना चक्कर आणणं हे माझं काम आहे. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. माझ्या सासूबाईंना तर लग्नानंतर वर्षभर वाटत होतं, की मी श्रवणयंत्रं विकते. खरं म्हणजे डिचोलीत कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला बिनखिडकीची एक खोली आहे. त्यात एक पलंग, एक संगणक आणि एक काळा चष्मा असतो, आणि मी असते. चष्म्याच्या आत कॅमेरा आहे. तो डोळ्यांवर चढवला की पेशंटला अंधार दिसतो आणि मला पडद्यावर त्याचे डोळे बशीएवढे दिसतात. मग मी त्याला झटकन आडवं करते, मान एका बाजूला वळवून पलंगाच्या कडेबाहेर जराशी लोंबती ठेवते आणि बघत राहते. चक्कर कानातली असेल तर डोळे सांगतात. मेंदूतली असेल तरीही डोळेच सांगतात, फक्त वेगळ्या तऱ्हेने.

माणसं या खोलीत घाबरून येतात. चक्कर येणाऱ्याचं दुःख असं, की बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. जखम नाही, सूज नाही, ताप नाही. घरचे दोन दिवस हवालदिल होतात आणि तिसऱ्या दिवशी म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. म्हणून पडद्यावर डोळे थरथरताना दिसले की मी आवर्जून नातेवाइकांना आत बोलावून दाखवते. बघा, खोटं नाही बोलत ती. एकदा एका बाईचा नवरा पडद्याकडे बघून तिथेच खाली बसला होता.

तपासणीआधी एक कागद भरून घ्यायचा असतो. चक्कर कधी येते, किती वेळ टिकते, कुठल्या कुशीवर येते, कानात आवाज येतो का. दोन दिवसांत चक्करेची गोळी घेतली का, झोपेची घेतली का, दारू घेतली का. दारूचा प्रश्न मी पुरुषांना जरा मोठ्यानेच विचारते. पुष्कळजण बायकोकडे बघून 'नाही' म्हणतात. मग मी बायकोकडे बघते. अशा बाबतीत मी फार हुशार आहे, असा माझा समज होता.

माझं माहेर पार्श्याचं. बाबांची काजूची भट्टी. डोंगराच्या उतारावर झावळ्यांची मांडवी, त्याखाली तांब्याचं मोठं भांडं, त्याला आम्ही भाण म्हणतो. मार्चपासून बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडायला लागले की घराला दुसरा विषय नसायचा. बोंडवांचा रस काढायचा, आंबवायचा, भाणात तापवायचा आणि पलीकडे थेंब थेंब उतरेल ते धरायचं. पहिल्या उतारीचं हुर्राक, पुन्हा उतरवलं की फेणी. उतारी कुठे थांबवायची ते बाबांच्या जिभेवर ठरायचं. कडकपणा मोजायची काचेची नळी आमच्याकडेही होती, पण ती गिऱ्हाइकाचं समाधान करायला. बाबा करटीत, म्हणजे नारळाच्या करवंटीत, घोटभर धरायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे बारीक करायचे, गिळायचे आणि म्हणायचे, "झाला." मग विस्तव ओढायचा. शेजारच्या दोन भट्ट्यांवरची माणसंही बाटली घेऊन बाबांच्या जिभेकडे यायची.

आणि बाबा दारू पीत नाहीत. हे आमच्या घरात देवाच्या फोटोइतकं पक्कं होतं. आजोबा पिऊन गेले. बाबांनी त्यांच्या तेराव्याला शपथ घेतली आणि भट्टी चालवत राहिले. लग्नाकार्यात कुणी आग्रह केला की ते हात जोडायचे, "मी पिणंय नाय." माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी दबक्या आवाजात चौकशी केली होती, भट्टीवाल्याचं घर म्हणून. मध्यस्थाने छातीवर हात ठेवून सांगितलं, मालक स्वतः थेंबाला शिवत नाही. त्यावर मी लग्न होऊन इथे आले.

एका वर्षी एप्रिलात बाबांचा फोन आला. एरवी फोन आई करते. बाबा म्हणाले, "बाय, रात्री कूस बदललंय काय घर फिरता."

मी सगळे प्रश्न फोनवरच विचारून घेतले. थोडा वेळच फिरतं, उजव्या कुशीवर जास्त, बसून राहिलं की थांबतं. मी मनात हसले. हे तर माझं रोजचं. कानात बारीक खडे असतात, ते जागचे हलून भलत्या नळीत शिरले की माणूस कूस बदलताना गरगरतो. मान ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे परत जागेवर घालायचे, पाच मिनिटांचं काम. म्हटलं, उद्या पहिल्या बसने या. बाबा म्हणाले, उद्या नको, उतारी आहे, परवा येतो. परवा ते म्हापशाला बस बदलून आठाच्या आत दवाखान्यात हजर. अंघोळ केलेली, इस्त्रीचा सदरा, पिशवीत माझ्यासाठी कच्च्या काजूगरांचा डबा.

कागद मीच भरला. माझेच बाबा, त्यांना काय विचारायचं? नाव, गाव, वय लिहिलं. गोळ्या घेतल्या नव्हत्या. दारूच्या रकान्यात 'नाही' लिहिताना माझा हात थांबलासुद्धा नाही.

मग त्यांना पलंगावर घेतलं. या तपासणीत पेशंटला झोप लागू द्यायची नसते, म्हणून मी लोकांना बोलतं ठेवते, वाटेवरच्या बसथांब्यांची नावं सांगायला लावते. बाबा शाळेतल्यासारखे सांगू लागले, "पार्से, मग कोलवाळचो पूल, म्हापसा, अस्नोडा..." मी त्यांना उजवीकडे आडवं केलं. डोळे थरथरले, पण माझ्या ओळखीचे थरथरले नाहीत. खड्यांची थरथर उशिरा सुरू होते, चढते आणि मिनिटाच्या आत विरून जाते. ही आडवं होताच सुरू झाली आणि थांबेचना. मी डावीकडे वळवलं. तिथेही तेच, आता उलट दिशेला. संथ, एकसारखं, मिनिट उलटून गेलं तरी चालू. बाबा अंधारात म्हणाले, "डिचोली. पोचलंय. आता काय सांगू?"

मी म्हटलं, "परत जावा उलटे."

ते उलटे निघाले. मी रेकॉर्डिंग घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर घाटावरच्या, वयाने माझ्याएवढ्याच, कामाला चोख. त्यांनी ते दोनदा पाहिलं. "हे कानाचं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "दारू?" मी म्हटलं, "नाही, बाबा पीत नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. "मेंदूच्या मागच्या भागाचा एमआरआय करून घेऊ. बहुतेक काही निघणार नाही. पण न करता सोडायचं नाही, आणि तोवर मानेला हात लावायचा नाही. हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, तर लगेच सांगायचं." पणजीच्या बाजूची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

बाबांना मी सांगितलं, जरा आणखी एक तपासणी आहे. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. भट्टीवर थेंबांकडे बघतात तसे.

"बाय, खरा सांग. टकलेत काय मेळला?" त्यांनी डोक्याला हात लावला.

"काय मेळूक नाय, बाबा. बघूचा आसा फक्त."

ते 'बरा' म्हणाले आणि काजूगरांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून बसला गेले.

ते पुढचे दिवस कसे गेले ते सांगताना मला आजही स्वतःचा राग येतो. थोडं शिकलेल्या माणसाची भीती फार वाईट असते. मला मेंदूच्या मागच्या भागात होणाऱ्या सगळ्या गोष्टींची नावं पाठ होती आणि मी ती भांडी घासताना एकेक करून म्हणत होते. इतर पेशंटांशी मी तुटक वागू लागले. एका म्हाताऱ्या बाईला चष्मा घट्ट झाला म्हणून तिने 'आई गं' केलं तर मी तिच्यावर खेकसले. नंतर माफी मागितली, पण खेकसले ती खेकसलेच.

तिकडे बाबांनी आपलं ठरवून टाकलं होतं. आईने फोनवर सांगितलं, की त्यांनी शेजाऱ्याला बोलावून डोंगर दाखवला. कुठल्या झाडाचे बोंडू गोड, कुठलं ओहोळाजवळचं पाणचट. म्हणाले, पुढच्या वर्षी तू कर, माझी ही शेवटची भट्टी. रात्री चक्कर येते म्हणून उशीला टेकून बसून झोपतात. मग आई म्हणाली, "गो, ह्येंच्या डोळ्यांत तुका काय दिसला ता माका सांग." मी रविवारी येते म्हटलं.

रविवारी दुपारी मी पार्श्याला पोचले तेव्हा भाण चढलेलं होतं. बाबा मांडवीत पाटावर बसलेले, नेहमीपेक्षा ताठ, मान न हलवता. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. उतारी लागली. बाबांनी करटी धरली, घोट घेतला, डोळे बारीक केले, गिळला, मान हलवायची टाळून हाताने 'नाही' म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग शेजारचा बाटली घेऊन आला, तिच्यातलं चाखलं. मग कालच्या फेणीचा कॅन उघडून तिच्यातलं चाखलं, कारण आजचं कालच्याला मिळतं का ते बघायचं होतं. जन्मल्यापासून मी हे बघत आले आहे. विहिरीवरून पाणी आणावं, गाईला चारा घालावा, तसंच हे. ऊन कलायला लागलं आणि बाबांनी पुन्हा करटी धरली, घसा वर-खाली झाला, आणि मी त्या घशाकडे पहिल्यांदा पाहिलं.

बाबा गिळत होते. आयुष्यभर गिळत होते.

मला घेरी आल्यासारखं झालं, मलाच. कानाच्या आत पाण्यासारखा द्रव असतो आणि त्यात एक मऊ पडदा डुलत असतो. दारू पडद्यात आधी शिरते, द्रवात उशिरा. उतरतानाही तसंच. तोंडाचा वास गेला, डोकं स्वच्छ झालं, अंघोळ करून माणूस बसमध्ये बसला, तरी आत ही ओढाताण बराच वेळ चालू राहते. अशा माणसाला आडवं केलं की त्याचे डोळे अगदी तसेच थरथरतात, जसे बाबांचे थरथरले. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. त्या सकाळच्या आदल्या दिवशी उतारी होती, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. दुसरं कुणी त्या पलंगावर असतं आणि भट्टी आहे म्हणालं असतं, तर मी डोळे वटारून विचारलं असतं. घाटावरच्या डॉक्टरांना भट्टीचं ठाऊक असतं तर त्यांनीही विचारलं असतं. पण मी त्याच घरातली. आमच्या घरात चाखणं म्हणजे पिणं नव्हे.

आता हे बाबांना विचारायचं कसं? शेवटी म्हटलं, "बाबा, माज्याकडे येवच्या आदल्या दिसा तुमी किती वेळा चाखलात?"

"चाखूक जाया मगे, न्हयतर कळतला कसा? त्या दिसा दोन भाणां होती."

"चाखलेली पोटात गेली मा?"

ते माझ्याकडे वळले. चक्करेचीही पर्वा न करता वळले. "मी पिणंय नाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुका म्हायत आसा. ता पिणा न्हय, ता काम."

"कानाक ता कळणा नाय, बाबा."

बाबांनी विस्तवातली लाकडं नीट केली. मी जे समजावायचं ते समजावलं, पडदा, द्रव, सगळं. म्हटलं, दोन दिवस एक थेंब नाही, मग पुन्हा तपासते. डॉक्टरांना फोन केला, त्या आधी रागावल्या आणि मग म्हणाल्या, हरकत नाही, एमआरआयची तारीख तशीच राहू दे, पण घेऊन या. मी दोन दिवसांची रजा टाकली. बाबांवर नजर ठेवायला टाकली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं.

अडचण एकच होती. ऐन हंगाम, भाण थांबवता येत नाही, रस आंबट होऊन जातो. चाखणार कोण? बाबांनी करटी माझ्यासमोर धरली, "तू चाख." मी घोट घेतला. घशापासून नाभीपर्यंत आग उतरली आणि डोळ्यांतून पाणी आलं. बाबांनी विचारलं, "कसा?" मी म्हटलं, "तिखट." ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

तेवढ्यात आई आली. ती रस गाळत होती, हात कोपरापर्यंत चिकट. ती भाणाशी वाकली, धार क्षणभर ऐकली, करटीतलं नाकाशी नेलं आणि जिभेला न लावता म्हणाली, "अजून थोडा." जरा वेळाने ती परत आली, तसंच वाकली आणि म्हणाली, "झाला. विस्तव ओढा." बाबांनी काचेची नळी काढून बघितलं. बरोबर होतं.

"तुका कसा कळला?" बाबांनी विचारलं.

"इतकी वर्सां तुमच्या तोंडाकडे बघतंय," आई म्हणाली आणि रस गाळायला गेली.

दोन दिवस भट्टी आईच्या नाकावर चालली. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. बाबांना याचं जरा वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी प्रत्येकाला मुद्दाम विचारलं.

मंगळवारी मी त्यांना सोबत घेऊनच डिचोलीला आले. डॉक्टर खोलीत उभ्या राहिल्या. बाबांना पलंगावर घेतलं, चष्मा चढवला. बाबांनी माझं मनगट धरलं. भट्टीच्या धगीने राठ झालेली बोटं. मी थांबे सांगा म्हटलं नाही, ते आपणच सांगू लागले. "पार्से... कोलवाळ..." आधी डावीकडे आडवं केलं. पडद्यावर दोन मोठे डोळे, आणि ते स्थिर. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं. स्थिर. मग उजवीकडे. आधी काहीच नाही, नंतर थरथर सुरू झाली, चढली, गोल फिरली आणि विरून गेली. माझ्या ओळखीची, रोजची, बिचारी कानातली चक्कर. डॉक्टर म्हणाल्या, "खडे आहेत. उजव्या कानात. बाकी काही नाही. एमआरआय रद्द करू." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बाहेर गेल्या.

मी बाबांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून ते धरलं असेल, त्यानंतर आजच. एका बाजूला वळवून थांबले, मग दुसऱ्या बाजूला, मग त्यांना कुशीवर घेतलं, मग उठवून बसवलं. ते वजन हातात घेऊन मी रडत होते. त्यांना चष्म्यातून काही दिसत नव्हतं म्हणून बरं होतं.

चष्मा काढला. ते पलंगाच्या कडेवर बसून राहिले, भिंतीकडे बघत. मग हळूच मान उजवीकडे नेली, डावीकडे नेली. "थांबला," ते म्हणाले.

जरा वेळाने म्हणाले, "तो कागद हाड."

"खंयचो?"

"पयलो. दारूचो."

मी फाइल काढून दिली. त्यांनी आपला वाचायचा चष्मा लावून माझं 'नाही' वाचलं, त्यावर बोट ठेवलं. "ह्या खोड," म्हणाले, "आणि हो लिही."

"बाबा, गरज नाय त्याची. डॉक्टरांक सांगलंय मी."

"गरज आसा. मी पिणंय नाय, ह्या मी गावाक सांगलंय. तू माजा ऐकून लिवलंस आणि इतके दीस रडलंस. गाव काय म्हणता ता म्हणूंदे. तुज्या कागदार खोटा नको."

ज्या शब्दापायी त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पंगतीत हात जोडले, तो शब्द त्यांनी माझ्या पेनासमोर आणून ठेवला. मी 'नाही' खोडलं आणि बाजूला 'हो' लिहिलं. अक्षर नीट आलं नाही. बाबांनी खाली सही केली, पेनाचं टोपण लावून दिलं आणि विचारलं, पार्श्याची बस किती वाजता आहे.